सोडून जाण्याचं कलम

18 सप्टेंबर 1957 रोजी कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावी आठ जणांनी एकत्रच पेपर टाकले. पगार वाईट नव्हता. काम तर असं, की त्यासाठी कुठल्याही तरुण भौतिकशास्त्रज्ञाने घरदार सोडून यावं, आणि हे आठ जण तसेच आलेले होते. साहेबही ऐरागैरा नव्हता. विल्यम शॉकली! ट्रान्झिस्टरच्या कामासाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळालेला.

असा साहेब सोडून कोण जातं? ज्यांनी त्याच्या हाताखाली वर्ष-दीड वर्ष काढलंय, ते जातात.

शॉकलीच्या बुद्धीबद्दल आठांपैकी कुणालाच शंका नव्हती. पंचाईत अशी, की सिलिकॉनवर चालणारी ती बुद्धी तो माणसांवरही चालवू पाहायचा. नोकरीवर घेण्याआधी उमेदवारांना मानसशास्त्रीय चाचण्या द्यायला लावायचा. एकदा त्याने सगळ्यांचे पगार यादी करून भिंतीवर लावले. हाताखालच्या कुणी काही नवं सांगितलं, की त्याच्यादेखत बेल लॅब्जमधल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावून ते खरं का, याची खात्री करून घ्यायचा. आणि मग तो ड्रॉइंग पिनचा किस्सा. ऑफिसातल्या एका सेक्रेटरीच्या हाताला दारावरचं काहीतरी लागलं, रक्त आलं. शॉकलीने ठरवलं, हा घातपात आहे. फर्मान निघालं की कर्मचाऱ्यांची लाय डिटेक्टरवर तपासणी करायची. अखेर शेल्डन रॉबर्ट्स या धातुशास्त्रज्ञाने ती वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा कळलं की ती डोकं तुटलेली साधी ड्रॉइंग पिन आहे.

मंडळींनी आधी रीतसर दाद मागितली होती. प्रयोगशाळेला पैसा पुरवणारे उद्योजक आर्नल्ड बेकमन यांना त्यांनी गाठलं: आमच्या आणि शॉकलीच्या मधे एखादा मॅनेजर बसवा, त्यांना संशोधन करू द्या, आम्हाला काम करू द्या. बेकमन आधी हो म्हणाले, मग मागे फिरले. नोबेलवाल्याला दुखवणार कोण?

आठांपैकी युजीन क्लायनर यांनी मग वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधल्या दलाली पेढीला पत्र लिहिलं. मागणी फार साधी होती: आम्हा सगळ्यांना एकत्र नोकरी देईल अशी कंपनी शोधून द्या. पत्र वाचून आर्थर रॉक नावाचा तरुण पश्चिमेला आला आणि त्याने उलटच सुचवलं. नोकरी कशाला शोधता, कंपनी काढा. इतक्या हुशार माणसांना हे आपलं आपण सुचलं नव्हतं, याची मला फार गंमत वाटते. करारनामा तयार नव्हता, म्हणून एक डॉलरच्या कोऱ्या नोटांवर सगळ्यांनी सह्या केल्या. बऱ्याच कंपन्यांनी नकार दिल्यावर शेर्मन फेअरचाइल्ड या श्रीमंत गृहस्थाच्या कंपनीने 13 लाख 80 हजार डॉलर कर्जाऊ द्यायचं कबूल केलं. आठांनी स्वतःचे प्रत्येकी 500 डॉलर घातले. ‘फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर’ सुरू झाली शॉकलीच्या जवळच, पालो अल्टोमध्ये. पहिलं गिऱ्हाईक आयबीएम: 100 ट्रान्झिस्टर, नगाला 150 डॉलर.

दोन वर्षांत, म्हणजे 1959 साली, त्यांच्यातल्या ज्याँ होर्नीने ‘प्लेनर’ पद्धत काढली. सिलिकॉनवर तयार होणारा ऑक्साइडचा थर तोवर शेवटी घाण म्हणून धुऊन टाकत. होर्नीने तो तसाच ठेवला आणि त्याखाली ट्रान्झिस्टरचे नाजूक सांधे सुरक्षित राहिले. थर सपाट, विद्युतरोधक आणि वर धातूच्या रेघा ओढता येण्याजोगा. त्यावरूनच रॉबर्ट नॉइस यांना कल्पना सुचली, की सुटे ट्रान्झिस्टर कापून पुन्हा तारांनी जोडत बसण्यापेक्षा अख्खं सर्किट एकाच तुकड्यावर करावं. तुमच्या खिशातल्या फोनमधली चिप याच घराण्यातली.

मग लोभाचा अध्याय. करारात अट होती, की कंपनी चालली तर मूळ कंपनी ती 30 लाख डॉलरना विकत घेऊ शकते. चालली, आणि घेतली. प्रत्येकाच्या हाती सुमारे अडीच लाख डॉलर आले, पण मालकी गेली पूर्वेकडे. कॅलिफोर्नियात कमावलेला नफा न्यूयॉर्कचे साहेब दुसऱ्या धंद्यांत घालू लागले आणि ज्यांच्या डोक्यातून तो नफा निघाला त्यांना शेअर द्यायला मात्र हात आखडू लागले. तेव्हा पहिल्या खेपेला जमलं ते मंडळींनी पुन्हा केलं. 1961 मध्ये चौघे बाहेर पडले. 1968 मध्ये नॉइस आणि गॉर्डन मूर बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. 1969 मध्ये फेअरचाइल्डच्याच जेरी सँडर्सनी एएमडी. क्लायनर यांनी 1972 मध्ये अशा बाहेर पडणाऱ्यांना भांडवल पुरवणारी पेढी उभी केली. शॉकलीला सोडणाऱ्यांना पुढे ‘आठ गद्दार’ हे नाव चिकटलं. महाराष्ट्रात या शब्दाची ओळख करून द्यायला नको. फरक इतकाच की तिथे तो मिरवायचा किताब झाला.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. कुणी फारसं न विचारलेला प्रश्न वेगळाच आहे. यांना कुणी अडवलं कसं नाही? तोच विषय, तेच सिलिकॉन, तेच गाव आणि डोक्यात जुन्या नोकरीत शिकलेलं सगळं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा नोकरदाराकडून लिहून घेता येत असे, की ही नोकरी सोडलीस तर अमुक काळ याच धंद्यात काम करायचं नाही. आणि न्यायालयं ती अट पाळायला लावत. आपण आज जिला नॉन-कॉम्पिट म्हणतो तीच ही अट. कॅलिफोर्नियात मात्र तिची किंमत शून्य होती. कारण तिथल्या कायद्यात 1872 पासून एक वाक्य आहे: कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कुणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल.

रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकाने 1999 साली मांडलं, की बॉस्टनच्या रूट 128 भोवतालच्या उद्योगांना मागे टाकून सिलिकॉन व्हॅली पुढे गेली त्यात या वाक्याचा मोठा हात आहे. ते एकमेव कारण आहे असं मला वाटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ होतं, लष्कराच्या ऑर्डरी होत्या, रॉकसारखे पैसा उभा करणारे होते. पण माणूस उठून शेजारच्या इमारतीत जाऊ शकत नसता, तर या सगळ्याचा उपयोग किती झाला असता?

या प्रश्नाची परीक्षा एका राज्याने चुकून घेतली. मिशिगनमध्ये 1905 पासून अशा अटींना बंदी होती. 1985 मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याची नव्याने मांडणी करताना जुना कायदा रद्द झाला आणि त्याबरोबर ती बंदीही गेली, कुणी मुद्दाम ठरवलेलं नसताना. पुढे तीन संशोधकांनी पेटंटच्या नोंदी चाळून मिशिगनचे संशोधक पूर्वी किती वेळा नोकरी बदलत आणि नंतर किती, याचा माग काढला. बंदी गेल्यावर ये-जा मंदावली होती.

तर मग 1872 मध्ये, जेव्हा चिप सोडा, विजेचा दिवाही घराघरात नव्हता, तेव्हा हे वाक्य कॅलिफोर्नियाला कुणी दिलं?

डेव्हिड डडली फील्ड. न्यूयॉर्कचे बडे वकील. इंग्रजी परंपरेतला कायदा म्हणजे न्यायाधीशांनी शतकानुशतकं दिलेल्या निकालांचा ढिगारा. तो नीट कलमं पाडून एका पुस्तकात बसवायचा, या ध्यासात त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांनी न्यूयॉर्कसाठी अख्खी दिवाणी संहिता लिहून 1865 मध्ये पुरी केली. न्यूयॉर्कने ती कधीच स्वीकारली नाही. तिथले वकीलच विरोधात उभे राहिले. पण फील्ड हे घराणंच अचाट होतं. एक भाऊ सायरस, ज्याने अटलांटिकच्या तळाशी टेलिग्राफची केबल टाकवली. दुसरा स्टीफन, जो सोन्याच्या ओढीच्या काळात कॅलिफोर्नियाला गेला, तिथे कायदेमंडळात बसला, न्यायाधीश झाला आणि थोरल्या भावाची कलमं नव्या राज्यात रुजवू लागला. 1872 मध्ये कॅलिफोर्नियाने दिवाणी संहिता घेतली ती मुख्यतः फील्ड यांच्या नाकारलेल्या मसुद्यावरून. धंद्याला मज्जाव करणारा करार रद्दबातल ठरवणारं वाक्य त्यातच आलं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहायचं मनात आलं, ती. त्याच 1872 सालच्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात भारतीय करार कायदा मंजूर झाला. त्याचं कलम 27 काढून वाचा. कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कुणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. शब्द जवळजवळ तेच. योगायोग नव्हे, आपल्या कायद्याचा मसुदा घडवणाऱ्यांनीही हे वाक्य फील्ड यांच्या न्यूयॉर्कच्या मसुद्यातूनच उचललं. ज्या राज्यासाठी लिहिलं त्याने ते फेकून दिलं, आणि एकाच वर्षी ते पृथ्वीच्या दोन बाजूंना कायदा झालं. माउंटन व्ह्यूच्या इंजिनिअरला आणि पुण्याच्या इंजिनिअरला नोकरी सोडताना एकच माणूस पाठराखण करतो, आणि दोघांनाही त्याचं नाव माहीत नसतं.

इंग्लंडात हा प्रश्न फार जुना. 1414 मध्ये एका रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, की सहा महिने गावात रंगकाम करणार नाही. न्यायाधीश हल इतके खवळले, की करार लिहून घेणारा समोर असता तर त्याला तुरुंगात टाकलं असतं असं भर न्यायालयात म्हणाले. पुढे इंग्रज न्यायालयं निवळली आणि अट ‘वाजवी’ असली तर चालेल असं म्हणू लागली. फील्ड यांच्या वाक्याने मात्र वाजवी-गैरवाजवीचं दारच बंद केलं. धंदा विकताना गुडविलबरोबर घातलेली अट एवढा मोजका अपवाद ठेवून. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासारख्या पंडितांना हे मुळीच रुचलं नाही. आपल्या विधी आयोगानेही 1958 मध्ये सुचवलं, की कलम 27 जरा सैल करावं. ते झालं नाही. आळसाने असेल, पण झालं नाही हे बरं झालं.

कलमाची पहिली मोठी कसोटी 1874 साली कलकत्ता उच्च न्यायालयात लागली. एकाच भागातले दोन प्रतिस्पर्धी दुकानदार. राजकुमार दास यांनी माधवचंद्र परामाणिक यांना सांगितलं: तू इथलं दुकान बंद कर, तू तुझ्या कारागिरांना दिलेल्या आगाऊ रकमा मी भरून देतो. माधवचंद्रांनी बंद केलं, दासांनी हात वर केले. न्यायालय म्हणालं, असा करारच रद्दबातल, मग पैसे कसले? माधवचंद्र बिचारे दोन्हीकडून गेले. पण तत्त्व पक्कं झालं: मज्जाव थोडा असो की पूर्ण, चालणार नाही.

या खटल्यातला एक तपशील पटकन नजरेतून सुटतो. कारागिरांना दिलेल्या आगाऊ रकमा. दुकानदाराच्या स्वातंत्र्यावर न्यायालयात खल चालला होता, तेव्हा त्या कारागिरांचं काय होत होतं? त्यांच्यासाठी 1859 चा तेरावा कायदा होता. कामासाठी आगाऊ पैसे घेऊन कारागिराने किंवा मजुराने काम केलं नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा: पैसे परत कर, नाहीतर कामावर जा. नाही ऐकलं तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. नोकरी सोडणं हा गुन्हा! मुळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे दूरवर पसरला आणि तो रद्द व्हायला 1925 साल उजाडावं लागलं. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं या देशात दोन्ही कायदे शेजारी शेजारी नांदले. व्यापाऱ्याला कुणी धंद्यापासून रोखू शकत नव्हतं, मजुराला कामावर जुंपता येत होतं.

1938 मध्ये मुंबईच्या विधानसभेत औद्योगिक कलहाचं विधेयक आलं, संपाला बेकायदा ठरवण्याच्या तरतुदी घेऊन. डॉ. आंबेडकरांनी विरोधात मांडलेला युक्तिवाद वकिली काटेकोरपणाचा होता. काम थांबवणं हा फार तर कराराचा भंग. त्याला गुन्हा ठरवून माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणं म्हणजे त्याला गुलाम करणं. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत त्या ‘काळ्या कायद्या’विरुद्ध संप केला. 1859 चा कायदा रद्द होऊन तेव्हा फारशी वर्षं झालेली नव्हती, हे लक्षात घेतलं की त्या युक्तिवादाची धार कळते.

स्वतंत्र भारतात कलम 27 ची हद्द आखणारा एक खटला आपल्या कल्याणजवळचा. तिथल्या रेयॉन कारखान्यातल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांच्या करारावर सही केली, टायरच्या धाग्याचं परदेशी तंत्र शिकून घेतलं आणि मुदतीआधीच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात जास्त पगारावर रुजू झाला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: करार चालू असेपर्यंत दुसरीकडे काम करू नको असं बजावता येतं. करार संपल्यावर? त्याचं उत्तर 2006 मध्ये श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानमुळे पुन्हा एकदा ठळक झालं. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या एजन्सीने लिहून घेतलं होतं, की मुदत संपल्यावर दुसरीकडून देकार आला तरी आधी आम्हाला विचारायचं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मुदत संपली की बांधिलकी संपली, कलम 27.

तरीही अट लिहिली जातेच. रद्दबातल म्हणजे बेकायदा नव्हे. ती करारात घातल्याबद्दल मालकाला शिक्षा नाही. वीस पानी ऑफर लेटरमधलं ते कलम न्यायालयासाठी नसतंच. ते रात्री अकरा वाजता लॅपटॉप मिटून, आता बस झालं, म्हणणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीसाठी असतं. तिच्या जोडीला तीन महिन्यांची नोटीस, अडवून ठेवलेलं रिलीव्हिंग लेटर आणि बाँड. बाँडचा धाक मात्र पोकळ नाही, हेही सांगायला हवं. एका सरकारी बँकेने तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची घातलेली अट सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये वैध ठरवली. सोडून जायला बंदी नाही, किंमत आहे, असा त्याचा अर्थ.

कॅलिफोर्नियात रद्दबातल अट लिहून ठेवण्याची पळवाट 2024 पासून बुजवली आहे: अशी अट नुसती लिहिणंही बेकायदा, आणि जुन्या करारांत ती असेल तर कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून ती रद्दबातल असल्याचं कळवायचं होतं, त्या वर्षीच्या 14 फेब्रुवारीपर्यंत. अमेरिकेत इतरत्र मात्र जिमी जॉन्स या सँडविचच्या दुकानसाखळीनेसुद्धा पाव भरणाऱ्या पोरांकडून लिहून घेतलं होतं, की सोडल्यावर दोन वर्षं जवळपास दुसरीकडे सँडविच विकायचं नाही. बोभाटा झाल्यावर 2016 मध्ये अट मागे घेतली. संघराज्याच्या व्यापार आयोगाने सुमारे 3 कोटी लोक अशा अटींखाली असल्याचा अंदाज देऊन 2024 मध्ये देशभर बंदी घातली, ती टेक्सासमधल्या न्यायालयाने अमलात येण्याआधीच उडवली.

आणि व्हॅलीतल्या बड्या कंपन्यांनी काय केलं? नोकरदाराला लिहून बांधता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आपसांत ठरवलं: मी तुझ्या माणसांना फोन करणार नाही, तू माझ्या करू नको. 2007 मध्ये गूगलच्या एका भरती करणाऱ्याने अॅपलच्या इंजिनिअरला गळ घातली. स्टीव्ह जॉब्जनी गूगलच्या एरिक श्मिट यांच्याकडे तक्रार केली, त्या भरती करणाऱ्याची नोकरी गेली. हे कळल्यावर जॉब्जनी उत्तरात पाठवलं एक हसरं चिन्ह. ईमेल न्यायालयात बाहेर आले. सुमारे 64 हजार कर्मचाऱ्यांच्या दाव्यात अॅपल, गूगल, अडोबी आणि चौथ्या एका कंपनीने 2015 मध्ये 41 कोटी 50 लाख डॉलरवर तडजोड केली. चौथी कंपनी इंटेल. होय, तीच, दोनदा सोडून जाऊन नॉइस आणि मूर यांनी काढलेली.

फील्ड यांचं वाक्य दीडशे वर्षांत कुठवर पोचलं हे पाहताना माझी नजर अडते ती बीड जिल्ह्यात. ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम टोळीला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता; उचल कोयत्यामागे. मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, आणि उचल फिटेतो हे चालू. आजारपण आलं, पाऊस लांबला, खाडे पडले, तर राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर. मधेच निघून जाता येत नाही. वेठबिगार मोडणारा 1976 चा कायदा आहे, कलम 27 आहे, 1859 चा कायदा तर शंभर वर्षांमागे गेला. पण कोयता आणि मुकादम यांच्यातला व्यवहार बहुतेक तोंडी असतो, आणि जो करार कागदावरच नाही, तो रद्दबातल ठरवून घ्यायला न्यायालयात कुणी जात नाही.